कॉन्टेसाचं हाउसिंग आणि सहाशे किलोची गाडी: मागच्या सस्पेन्शनचं आणि ब्रेकचं काम कुठून सुरू करायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला समजलं ते बरोबर आहे का हे तुम्हालाही पाहता येईल. लोटस सेव्हनच्या धर्तीवर किटमधून जोडलेली दोन सीटची गाडी. चौकोनी पाइपांची चासी, फायबरची बॉडी, पुढे इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि मागे हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसाचं हाउसिंग, म्हणजे मागच्या ॲक्सलची लोखंडी खोळ. ते धरायला दोन्ही बाजूंना दोन-दोन ट्रेलिंग आर्म (पुढे-मागे सरकू न देणारे दांडे), आडवा एक पॅनहार्ड रॉड (बाजूला सरकू न देणारा) आणि स्प्रिंगच्या पोटात बसवलेले शॉकअप. पुढे डिस्क, मागे ड्रम. वजन ६२० किलो. गाडी तीन वर्षं नागपुरात मनीषनगरला शेडमध्ये उभी होती, दिवाळीत तुम्ही बाहेर काढलीत. आता सिमेंट रोडच्या प्रत्येक सांध्यावर मागून ठोका बसतो. जोरात ब्रेक मारला की मागचं उजवं चाक सगळ्यांच्या आधी अडकतं. सेमिनरी हिल्सच्या चढावर हँडब्रेक धरत नाही आणि ब्रेक ऑइल महिन्याला बोटभर कमी होतं. दोन्ही शॉकअप, सगळे बूश आणि मागे डिस्क बसवण्याचं सामान एकदमच मागवून टाकावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

नका मागवू. आधी मोजमाप करा, मग उघडा, आणि काय मागवायचं ते उघडल्यावर ठरवा. हे सांगण्यामागे पैशांची काळजी आहेच, पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे.

कंपनीच्या गाडीत मागचा ब्रेक, स्प्रिंग आणि ॲक्सल एकाच वजनाचा हिशेब करून बनवलेले असतात. मेकॅनिकने जीर्ण पार्ट काढून तोच नवा लावला की काम झालं. किट कारमध्ये तसा हिशेब कुणी केलेला असेलच असं नाही. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये लोटस सेव्हन आणली ती मुख्यतः सुट्या भागांत विकण्यासाठी, कारण ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागायचा आणि किटवर लागत नव्हता. तेव्हापासून या जातीच्या गाड्यांची रीत एकच: चासी आपली, बाकी जे चांगलं मिळेल ते दुसऱ्या गाडीचं. तुमच्या गाडीत ते कॉन्टेसाचं आहे आणि कॉन्टेसा बाराशे किलोच्या आसपासची गाडी. म्हणजे मागचा ब्रेक जवळपास दुप्पट वजन थांबवायला बनवलेला आहे. तुमच्या चारपैकी निदान एका तक्रारीचं मूळ इथे असणार, आणि तिथे नवा पार्ट टाकून काही फरक पडणार नाही.

सुरुवात सपाट फरशीवर करा. सपाट म्हणजे डोळ्याला वाटते तशी नव्हे. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल घेतात तशी चारही चाकांखाली घ्या आणि जिथे फरक असेल तिथे पत्र्याचे तुकडे ठेवा. चारही टायरची हवा सारखी करा. ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकं ओझं ठेवा; तांदळाची दोन-तीन पोती चालतात. टाकी अर्धी भरलेली असू द्या. आता गाडी मागून-पुढून दोन-चारदा दाबून सोडा आणि मग मोजा. मागच्या चाकाच्या मध्यापासून चासीच्या ठरावीक खुणेपर्यंतचं अंतर, दोन्ही बाजूंचं. डावा व्हीलबेस (पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्याच्या मध्यापर्यंतचं अंतर) आणि उजवा व्हीलबेस. चारही ट्रेलिंग आर्मची एका बोल्टच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतची लांबी. पॅनहार्ड रॉडची दोन टोकं जमिनीपासून किती उंच आहेत ते. शॉकअप उभ्या रेषेपासून किती अंश कललेला आहे ते. हे सगळं एका वहीत तारखेसह लिहा. तुमच्या गाडीला सर्व्हिस मॅन्युअल नाही, ही वहीच तुमचं मॅन्युअल आहे. ज्याने गाडी जोडली त्याने असं काही लिहून ठेवलं असेल तर ते मागून घ्या, सोन्याच्या भावाचं आहे.

जमलं तर चारही चाकांखालचं वजन घ्या. यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. कळमन्याला धान्याची पोती मोजायचे जे इलेक्ट्रॉनिक काटे असतात, तसे सारखे चार काटे एक दिवसासाठी भाड्याने मिळतात का पाहा. गाडी हलकी असल्याने प्रत्येक चाकाखाली दीड-दोनशे किलोच्या आत-बाहेरच भार येईल, काट्याला ते काहीच नाही. हा आकडा पुढे ब्रेकच्या प्रश्नात कामी येणार आहे.

मग गाडी वर घ्या. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, जॅक फक्त उचलायला आणि गाडी उभी राहील ती घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर. कंपनीच्या मोटारीला जॅक लावायची जागा ठरलेली असते, तुमच्या पाइपच्या चासीला नाही. पाइपच्या मधोमध जॅक लावला तर पाइप चेपतो. जिथे दोन-तीन पाइप एकत्र येतात त्या सांध्याखालीच, मध्ये सागाचा जाड तुकडा ठेवून, घोडी लावा. आणि हाउसिंग खाली सोडताना ब्रेकच्या रबरी होसवर लटकू देऊ नका. अशा गाड्यांत चासीपासून हाउसिंगपर्यंत बहुधा एकच होस येतो आणि पुढे टी-जॉइंटवरून दोन लोखंडी नळ्या फुटतात. तो एक होस ताणला गेला तर मागचा पूर्ण ब्रेक गेला. शॉकअप सोडायच्या आधी हाउसिंगखाली दुसरा जॅक ठेवा.

आता ठोका. ठोका आला की लोक शॉकअपला दोष देतात. पण शॉकअप गेला की गाडी डोलते, उसळते. कोरडा टणक ठोका बहुतेक वेळा कुठल्या तरी भोकात बोल्ट हलत असल्याचा असतो. एक माणूस मागचं चाक धरून हलवेल आणि दुसरा एकेका जोडावर बोट ठेवेल. बोल्टचं डोकं आणि ब्रॅकेट या दोघांना मिळून बोट टेकवा. अर्ध्या मिलिमीटरची हालचाल डोळ्याला दिसत नाही, बोटाला लगेच कळते. मी तपासतो तो क्रम असा: शॉकअपचा खालचा बोल्ट, वरचा बोल्ट, पॅनहार्ड रॉडचं चासीकडचं टोक, मग ट्रेलिंग आर्म, आणि शेवटी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस. पॅनहार्ड रॉडला गोल छर्ऱ्याचे रॉड एंड असतील तर ते आधी बघा. बिनझाकणाच्या रॉड एंडमध्ये आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आणि पावसाळ्यातलं पाणी मिळून सहाणेसारखं काम करतं. हाताला खुळखुळला तर तो बदलायचाच, त्याला दुरुस्ती नाही.

आणखी एक जागा लोक विसरतात. गाडी घोडीवर असताना, चाकं पूर्ण लटकलेली असताना, स्प्रिंग हाताने फिरवून पाहा. ती सैल होऊन फिरत असेल तर रस्त्यावरही, खड्ड्यानंतर चाक खाली जातं तेव्हा, ती आपल्या बैठकीतून उठते आणि परत बसताना ठोका देते. त्यावर उपाय म्हणजे वर एक मऊ, आखूड मदतीची स्प्रिंग. शॉकअप बदलण्याशी त्याचा काही संबंध नाही.

बोल्टचं भोक लांबट झालेलं निघालं तर मोठा बोल्ट ठोकून मोकळे होऊ नका. हिंगणा एमआयडीसीतल्या चांगल्या टर्नरकडून जाड वॉशरसारखा स्टीलचा तुकडा अचूक भोकाचा करून घ्या आणि तो ब्रॅकेटवर वेल्ड करा. बोल्ट ८.८ ग्रेडचा तरी हवा, त्याच्या डोक्यावर आकडा कोरलेला असतो. त्याचा नुसता दांडा ब्रॅकेटमध्ये बसला पाहिजे, आटे बसता कामा नयेत, कारण आट्यांवर भार आला की भोक पुन्हा खाल्लं जातं. नायलॉनचे नट एकदा काढले की फेकायचे. कसायला किटच्या कागदांत आकडा दिला असेल तर तोच पाळा. नसेल तर ८.८ ग्रेडच्या १० मिमी बोल्टला साधारण ४५ आणि १२ मिमीला ८० न्यूटन-मीटर धरून चाला.

ब्रॅकेट उघडी झालीच आहेत तर वेल्ड तपासा. मी जिथे तडे पाहिले आहेत ते जवळजवळ सगळे पॅनहार्ड रॉडच्या चासीकडच्या ब्रॅकेटला आणि वरच्या ट्रेलिंग आर्मच्या मुळाशी होते. रंगावर केसासारखी तांबूस रेघ दिसली की तिथला रंग घासून काढा आणि वेल्डिंगच्या दुकानात मिळतो तो तडा शोधायचा लाल स्प्रे आणि पांढरा डेव्हलपर मारा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. वेल्ड करण्यापूर्वी बॅटरी सोडा. आणि फायबर जवळ आहे हे लक्षात ठेवून ओली पोती, बादलीभर पाणी आणि एक माणूस शेजारी ठेवा.

आता बूशबद्दल, आणि हे मी ठासून सांगतो. रबरी बूश म्हणजे आत एक लोखंडी नळी, बाहेर एक, आणि मध्ये दोघींना चिकटलेलं रबर. बोल्ट कसला की आतली नळी ब्रॅकेटला घट्ट धरली जाते आणि हालचाल होते ती रबराच्या पिळण्याने. चाकं लटकत असताना बोल्ट कसले तर गाडी खाली उतरवल्याबरोबर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. धंद्यात नवा असताना मी एका गाडीचे आठही बूश असे गाडी वर असतानाच कसून दिले होते. तीन महिन्यांत ते फाटून परत आले, आणि तो गृहस्थ रामटेकहून येत होता, रात्रीच्या वेळी, घरच्यांना घेऊन. तेव्हापासून माझा नियम एकच आहे: बोल्ट हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, ड्रायव्हरचं ओझं ठेवायचं, गाडी दोनदा हलवायची आणि मगच कसायचं. पॉलियुरेथेनच्या बूशना हे लागू नाही, कारण ते आतल्या नळीवर फिरतात. पण त्यांना सिलिकॉनचं ग्रीस लागतं, आणि ते कोरडे झाले की चुरचुर करतात. शहरातल्या सिमेंट रोडवर रोज चालवायची असेल तर मी रबरच घालेन.

पॅनहार्ड रॉडचं माप मी मुद्दाम मागितलं. हा रॉड एका टोकाला चासीला आणि दुसऱ्या टोकाला हाउसिंगला धरलेला असतो, त्यामुळे हाउसिंग वर-खाली होताना थोडं बाजूलाही सरकतं. रॉड ९०० मिमीचा असेल, गाडी उभी असताना आडवा असेल, तर चाक ५० मिमी हललं तरी हाउसिंग जेमतेम १.४ मिमी सरकतं. पण तोच रॉड उभ्या गाडीतच एका टोकाला १०० मिमी वर असेल, तर त्याच दिशेने आणखी ५० मिमी गेल्यावर ते ७ मिमी सरकतं. पाचपट. गाडीचं बूड सांध्यावर कडेला ढकलल्यासारखं वाटत असेल तर त्याचं कारण हे. असे रॉड मी पुष्कळदा पाहिले आहेत. कुणीतरी दिसायला बरं म्हणून गाडी खाली बसवतं आणि रॉडचं ब्रॅकेट मात्र जुन्याच उंचीवर राहतं. उंची शॉकअपच्या चुडीने (स्प्रिंग ज्यावर टेकते त्या आट्यांच्या कड्याने) पूर्ववत करून पाहा, एक रुपयाही लागत नाही. चुडी फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, फक्त उंची बदलते. हे इथे सांगतो, कारण ‘कडक करून देतो’ म्हणत चुडी फिरवून देणारे भेटतील.

स्प्रिंगचंही तसंच. शॉकअप तिरपा बसवला की स्प्रिंगची ताकद चाकापर्यंत पूर्ण पोहोचत नाही. उभ्या रेषेपासून ३० अंश कललेला असेल तर पाऊणच पोहोचते, ४५ अंशांना निम्मी. म्हणून दुसऱ्याच्या किट कारच्या स्प्रिंगचा आकडा तुमच्या गाडीला उपयोगाचा नाही, जरी दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्यावर सारख्या दिसल्या तरी. शॉकअप काढल्यावर त्याची दांडी हाताने आत ढकला आणि बाहेर ओढा. दोन्ही शॉकअपचा जोर सारखा, दांडी स्वच्छ आणि तेलाचा ओघळ नसेल, तर ते परत बसवा.

आता ब्रेक. मागचं उजवं चाक आधी अडकतं म्हणता. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे उजव्या चाकावर भार जास्त. भार जास्त असलेलं चाक उशिरा अडकायला हवं. तुमचं उलट होतंय. म्हणजे एकतर काट्यावर मागचं उजवं चाक डाव्यापेक्षा हलकं निघेल, आणि मग दोष स्प्रिंगच्या चुड्यांत आहे. किंवा उजव्या ड्रमच्या आत काहीतरी बिघडलं आहे. काट्याचा आकडा हातात असेल तर हा निकाल ड्रम न उघडता लागतो.

ड्रम उघडताना हँडब्रेक सोडा, ॲडजस्टर मागे फिरवून शू (ड्रमला आतून दाबणारे अर्धगोल तुकडे) आत घ्या. ड्रमच्या काठावर गंजाची कड झालेली असते, तिच्यात शू अडकतो. ड्रमच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं असतील तर त्यांत बोल्ट टाकून दोन्ही सारखे कसत गेलं की ड्रम स्वतःच बाहेर येतो. हातोडीने काठावर मारू नका, बिडाचा तुकडा उडतो. आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये (शूवरच्या घर्षणाच्या अस्तरात) ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ फुप्फुसात एकदा गेली की निघत नाही. पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने भिजवा, पुसून घ्या, चिंध्या पिशवीत बांधून टाका, तोंडाला चांगला मास्क. माझ्या गॅरेजमधल्या पोरांना मी याबाबतीत एकदाही सूट देत नाही.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू नमुना म्हणून बंद असू द्या, मोबाइलवर फोटोही घ्या, कारण स्प्रिंगा कुठून कुठे जातात हे संध्याकाळपर्यंत विसरायला होतं. आत ओल दिसली तर ती कशाची ते आधी ठरवा. एक थेंब पाण्याच्या वाटीत टाका. मिसळला तर ब्रेक ऑइल, तरंगला तर हाउसिंगचं गिअर ऑइल. त्याला गंधकासारखा उग्र वासही असतो. ब्रेक ऑइल निघालं तर तुमचं महिन्याला बोटभर कुठे जातं ते सापडलं: व्हील सिलिंडर, म्हणजे शू बाहेर ढकलणारा चाकातला सिलिंडर. त्याचं रबरी टोपण बोटाने उचलून पाहा, आत ओलं असलं की सिलिंडर संपला. तीन वर्षं उभ्या गाडीत हे होणारच होतं. दोन्ही बाजूंचे एकदम बदला.

गिअर ऑइल निघालं तर ॲक्सलचं सील गेलंय. सील बदलायच्या आधी हाउसिंगच्या वर जो छोटा ब्रीदर असतो तो पाहा. आत हवा तापून फुगते ती तिथून सुटायला हवी. धुळीने ब्रीदर बुजला की दाब सीलमधून वाट काढतो, आणि मेमध्ये नागपूरचं तापमान ४५ अंशांच्या वर जातं तेव्हा तर लवकरच. बुजलेल्या ब्रीदरसह नवं सील टाकलं तर तेही गळणार. लोक एकामागून एक सीलं बदलत राहतात आणि या बोटभर भागाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

तेल प्यालेला लायनर धुऊन वापरू नका. पेट्रोलने धुतला, भाजला, घासला तरी आतलं तेल गरम झाल्यावर पुन्हा वर येतं. तेलकट लायनर कधी घसरतो, कधी उलट झटक्याने धरतो. उजवं चाक अडकण्याचं कारण हेही असू शकतं. कॉन्टेसाचं उत्पादन २००२ मध्ये थांबलं, त्यामुळे नवे शू मिळण्यासाठी फिरावं लागेल. पण जुने लोखंडी शू चांगले असतील तर ब्रेक लायनरवाल्याकडून नवं लायनिंग लावून घेता येतं. दोन्ही बाजूंना एकाच जातीचं, एकाच दिवशी. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. लेथवर साफ करताना त्यापुढे जायचं नाही, आणि दोन्ही ड्रमचा व्यास सारखा ठेवायचा.

हे सगळं झाल्यावर दोन्ही मागची चाकं सारखी धरतील. पण पुढच्यांच्या आधी धरतील, हा प्रश्न राहीलच. आणि खरा धोका तोच आहे. पुढची चाकं आधी अडकली तर गाडी सरळ घसटत जाते. मागची आधी अडकली तर बूड पुढे यायला बघतं. ६२० किलोची गाडी, ७५ किलोचा ड्रायव्हर, २.३ मीटरचा व्हीलबेस आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ४२ सेंमीवर धरला, तर जोरदार ब्रेक मारताना मागच्या चाकांवरचे शंभरेक किलो पुढे जातात. मागे जेमतेम अडीचशे उरतात, आणि त्यांना धरायला बाराशे किलोच्या गाडीचा ड्रम. पावसाळ्यात फुटाळ्याच्या वळणावर अशी एक गाडी माझ्यासमोर पूर्ण फिरली. रस्ता रिकामा होता म्हणून चालवणारा वाचला.

म्हणूनच मागे डिस्क बसवायला मी नाही म्हणतो. तुमचा मागचा ब्रेक कमी नाही, जास्त आहे. सिलिंडर बदलायचाच आहे, तर लहान व्यासाचा मिळतो का ते पाहा. सिलिंडरचा जोर व्यासाच्या वर्गावर ठरतो. सध्या पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिमीचा असेल आणि १७.४६ मिमीचा बसवला, तर तेवढ्याच दाबावर १६ टक्के जोर कमी होतो, १५.८७ मिमीचा बसवला तर ३१ टक्के. बॅकप्लेटची भोकं आणि नळीचे आटे जुळतात का हे दुकानातच, जुना सिलिंडर हातात धरून पाहा. तसा मिळाला नाही तर मागच्या लाइनमध्ये दाब मर्यादित करणारा ॲडजस्टेबल व्हॉल्व्ह टाकता येतो. तो फक्त मागच्या लाइनमध्ये. पुढच्या लाइनला हात लावायचा नाही. नळी नवी करावी लागली तर ब्रेकची स्टीलची किंवा तांबे-निकेलची नळी घ्या. फ्रिज-एसीची तांब्याची नळी वळवायला सोपी म्हणून लावणारे आहेत. ती कंपनांनी कडक होऊन तडकते, आणि तडकते ती ब्रेक जोरात दाबल्यावर.

ब्रेक ऑइल पूर्ण बदला, वरून भर घालून चालणार नाही. ते हवेतलं पाणी ओढतं. कोरडं डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) किमान २०५ अंशांना उकळतं, पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५ आहेत. तीन पावसाळे पाहिलेल्या ऑइलवर विश्वास ठेवू नका. डॉट ४ घ्या, सीलबंद डबा, आणि उरलेलं पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. नावात साधर्म्य असलं तरी सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळायचं नाही. इंजिन ऑइल किंवा डिझेलने धुतलेलं भांडं वापरलं तर मास्टर सिलिंडरचं रबर फुगून सगळं जाम होतं. फायबरवर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग उचलला जातो.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. पण तुमच्या गाडीत लांब कोणतं हे नळीचा मार्ग हाताने चाचपून ठरवा, अंदाजाने नको. नळी वाटेत कुठे उंच चढून उतरत असेल तर तिथे हवा अडकून बसते. पेडल पूर्ण तळापर्यंत दाबू नका. एरवी न वापरलेल्या भागात गंज असतो, सील त्यावरून गेलं की कापलं जातं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की झालं. दोन मास्टर सिलिंडर आणि मध्ये बॅलन्स बार अशी रचना असेल तर पुढचं एक आणि मागचं एक अशी हवा काढायची दोन निपलं एकाच वेळी उघडावी लागतात, नाहीतर बार तिरका होऊन अडतो.

हँडब्रेक सगळ्यांत शेवटी. आधी तो केबलने ओढून घेतला तर शू बाहेरच ताणलेले राहतात आणि ॲडजस्टरचं काम बंद पडतं. केबल पूर्ण सैल सोडा, ॲडजस्टरने शू ड्रमला टेकेपर्यंत आणा, चाक मोकळं फिरेल इतके दात मागे घ्या, पेडल चार-पाचदा दाबा, पुन्हा तपासा. मगच केबल. किट कारमध्ये केबल बऱ्याचदा प्रोपेलर शाफ्टच्या बोगद्यातून जाते. ती शाफ्टला घासते का हे टॉर्च मारून पाहा. इतकं केल्यावर चढावर गाडी धरेल.

चाचणी रस्त्यावर नको. मिहानच्या बाजूला किंवा ओळखीच्या कारखान्याच्या आवारात मोकळी, सरळ, परवानगी असलेली जागा शोधा. आधी २० किमी वेगाने, मग ३०, मग ४०. सोबत एक माणूस बाहेर उभा राहून कोणतं चाक आधी थांबतं ते पाहील, कारण आतून ते कळत नाही. नंतर तेच पाणी शिंपडून करा. कोरड्यात बरोबर वाटलेला ब्रेक ओल्यात वेगळा वागू शकतो. पुढची चाकं दोन्ही वेळा आधी अडकली पाहिजेत. तोपर्यंत अमरावती रोडला गाडी काढू नका, माझी कळकळीची विनंती आहे.

प्रत्येक कसलेल्या नटावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढा, नटावरून ब्रॅकेटपर्यंत. शंभर किलोमीटरनंतर आणि पुन्हा पाचशेनंतर खाली वाकून पाहायचं; रेघ तुटलेली दिसली तर तो नट हललाय. चासी, इंजिन यांना मात्र हात लावायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ अशा बदलांबाबत कडक आहे.

पहिल्या दिवशीची मापं झाली की मला पाठवा: दोन्ही बाजूंची उंची, पॅनहार्ड रॉडची दोन टोकं, शॉकअपचा कोन आणि चार चाकांखालचं वजन. स्प्रिंग बदलायची की नाही ते त्यावरून सांगतो.